चंद्रावरचा रोवणा

१

सेवकराम मास्तरांना बोडीतून बाहेर काढलं, तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते. १९३४ सालच्या नोव्हेंबरातला गुरुवार. सुकराम ढिवर बोडीच्या दुसऱ्या काठाला जाळं ओढत होता. पाळीवरून, तळ्याच्या बांधावरून, एक माणूस धोतर-कोटासकट पाण्यात उतरताना त्याला दिसला. आंघोळीला कोणी कोट घालून उतरत नाही, एवढं सुकरामला कळलं आणि त्यानं जाळं सोडलं.

मास्तरांच्या कमरेला गाठोडं बांधलेलं होतं. सुकरामनं पाण्याखालीच सुरी लावून गाठ कापली. गाठोडं तळाला गेलं, मास्तर वर आले. पाळीवर पालथं घालून पोटातलं पाणी काढल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "कायले काढलं रे?"

सात वाजेपर्यंत अर्धं गोरेगाव पाळीवर जमलं होतं. सगळ्यांचं एकच म्हणणं. चोरी पकडली गेली, म्हणून मास्तरांनी उडी घेतली.

चोरी एका कथेची होती. सेवकराम मास्तर मराठी शाळेत चौथीला शिकवत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका वहीत एक विलक्षण गोष्ट लिहिली. गोंदियाचा एक घड्याळजी लाखेचा प्रचंड गोळा करतो, तो लोकरीनं घासघासून त्यात वीज भरतो, आणि त्या विजेच्या जोरावर गोळा त्याला चंद्रावर घेऊन जातो. चंद्रावरची माणसं उलटी चालतात. पाठ पुढे, तोंड मागे. कारण त्यांच्या मते माणसानं आपण केलेलं सतत पाहत राहावं. पुढे पाहत चालणारा घड्याळजी त्यांना गुन्हेगार वाटतो. मागे काहीतरी वाईट करून आला असणार, म्हणूनच तिकडे बघत नाही! त्याच्यावर खटला भरला जातो.

ही वही गोंदिया स्टेशनच्या मालगोदामातले कारकून निबारणचंद्र पाल यांच्या हाती पडली. निबारणबाबू चंदननगरचे. फ्रेंचांच्या राज्यात जन्मलेले, फ्रेंच शाळेत शिकलेले, व्हायोलिन वाजवणारे. त्यांनी गोष्टीचं फ्रेंच गाणं-नाटक केलं. विनोदी, तीन अंकी, अर्धं बोलायचं, अर्धं गायचं, गावातला घड्याळजी पॅरिसचा झालेला. देलोर्म नावाच्या साहेबाची फिरती फ्रेंच नाटक कंपनी तेव्हा मुंबईत होती. त्यांना हस्तलिखित आवडलं. कलकत्त्याला आणि तिथून जहाजानं फ्रेंचांच्या सायगावला जाताना ते एक दिवस गोंदियाला उतरणार होते. त्यांची अट एकच. कथा आपलीच आहे, असं मूळ लेखकानं लिहून सही करून द्यावं. मागे एकदा भलत्याच माणसानं हक्क सांगितला आणि त्यांचा चालू खेळ बंद पडला होता.

तो गुरुवार म्हणजे हाच. साहेबांची कलकत्ता मेल दुपारी चारला होती.

आणि सोमवारी शेजारच्या गावच्या रेवारामांनी डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे तक्रार केली. कथा माझी आहे, मास्तरांनी माझ्या वहीतून चोरली, त्यांना नोकरीवरून काढा.

चौकशीचं काम कौन्सिलनं केशोरावांना दिलं होतं. केशोराव पोलिसातले नव्हते. गोंदियाच्या तहसिलीत तीस वर्षं नक्कलनवीस होते. दस्तऐवजांच्या नकला उतरवणं आणि दुसऱ्यांनी उतरवलेल्या नकला तपासणं, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. बुधवारी दुपारी ते मोटारीनं गोरेगावात आले आणि त्यांनी मास्तरांकडे मूळ वही मागितली. मास्तरांनी कमरेच्या किल्लीनं शाळेतली पत्र्याची पेटी उघडली. वही नव्हती.

"चोरीले गेली," मास्तर म्हणाले.

केशोरावांनी कुलूप पाहिलं. कुलूप शाबूत होतं. किल्ली एकच होती. त्यांनी तेवढं टिपून घेतलं.

आता पाळीवर ते छत्री टेकून उभे होते. मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन त्यांची थोरली बहीण धुरपताबाई बसली होती. पन्नाशीची विधवा, भावाच्या घरी राहणारी. तिनं मान वर करून केशोरावांकडे पाहिलं.

"चार वाजता तुमी याले चोर ठरवान, तं उद्या हा पुन्हा इथंच येईन जी," ती म्हणाली. "मी याची कितीक राखन करू?"

२

शाळेला सुट्टी दिली होती. आठ वाजता चौथीच्या वर्गात रेवाराम येऊन बसले. वय पंचेचाळीस, कानात भिकबाळी, अंगावर नवा सदरा. त्यांची स्वतःची दंडार मंडळी होती. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रांत भर दुपारी गावोगाव त्यांचे खेळ चालत. खेळ ते स्वतः लिहीत, पेटीही तेच वाजवत.

"मास्तर वाचला म्हनते," ते बसताबसता म्हणाले. "चांगलं झालं. मेला असता तं लोकांनी मलेच धरलं असतं."

"वही आणली?"

रेवारामांनी लाल कापडी पुठ्ठ्याची वही पुढे केली. पहिल्या पानावर सन १९२६ घातलेला होता. कागद पिवळा पडला होता.

"त्या साली मास्तर आमच्या गावच्या शाळेत होता. वाचाले नेली ना महिनाभर ठेवली."

केशोरावांनी कागदावरून बोट फिरवलं, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. जुन्या रजिस्टरांच्या मागे कोरी पानं किती उरतात, हे तहसिलीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चाळीस मिनिटं लागली. रेवारामांनी तेवढ्यात चार बिड्या ओढल्या.

"गोष्ट तुमच्या डोक्यातली?"

"माह्या नाही तं काय तुमच्या टोपीतली?"

"निबारणबाबू गोंदियात गाणी बसवत होते, तेव्हा त्यांच्या तालमीला तुम्ही जात होता."

"आठ वेळा गेलो. त्याले पेटीवाला पायजे होता. गानं बसवताना तो सगळा खेळ हिंदीत समजावून सांगे. तवाच तं मले समजलं का हे माहीच गोष्ट होय!"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलाले पुरावा लागते. ही वही सापडाले दोन महिने लागले."

उत्तर तयार होतं. केशोरावांनी वहीतलं एक पान उघडून त्यांच्यापुढे सरकवलं. चंद्रावरच्या बाया चांदण्याच्या चिखलात धान रोवतात, ते गाणं.

"हे वाचा."

रेवारामांनी वाचलं नाही, गायलं. आवाज खरोखर चांगला होता. बाया ओळीनं पुढे पाऊल टाकतात, तोंड समोर करून. नख काळं पडतं. टाचेला धुरा, शेताचा बांध, लागतो, ओळ संपते, बाया हसतात.

"वा," केशोराव म्हणाले. "साडेअकरापर्यंत गावातच थांबा."

"मंग? निकाल माह्याकडून ना?"

"निकाल चार वाजता. ही वही माझ्याकडे राहील."

रेवाराम गेल्यावर केशोरावांनी ते गाणं पुन्हा काढलं. एका ओळीखाली त्यांनी नखानं रेघ ओढली. तीस वर्षांत त्यांनी हजारो नकला तपासल्या होत्या. नक्कल बरोबर असेल तर ती कुठून उतरली ते कळत नाही. चुकली तरच कळतं. आणि ही वही एका ठिकाणी चुकली होती. फक्त ती चूक मुळात कुणी केली, हे त्यांना अजून माहीत नव्हतं.

३

निबारणबाबू सव्वादहाला मोटारीतून उतरले. हातात हस्तलिखिताचं बाड, डोळे सुजलेले. मास्तरांची बातमी त्यांना नाक्यावरच कळली होती.

"केशोरावजी, ये मैंने किया," ते दारातच म्हणाले. "मी साहेबाला चिठ्ठी लिहिली नसती, तर हा माणूस आज शाळेत शिकवत असता. फाडून टाकतो मी हे."

"फाडू नका. बसा. मला हे नाटक पहिल्यापासून सांगा. फ्रेंचमध्ये जसं आहे तसं, मराठीत."

"आत्ता?"

"आत्ता. पावणेअकरापर्यंत."

निबारणबाबूंनी सांगितलं. आधी चाचरत, मग रंगत. पहिल्या अंकात पॅरिसचा बाजार आणि लाखेचा गोळा. दुसऱ्यात चंद्र. तिथले सगळे उलटे चालणारे, एकमेकांवर आदळणारे, आदळल्यावर वाकून माफी मागणारे, आणि वाकताना पुन्हा आदळणारे. तिसऱ्यात खटला. न्यायाधीश घड्याळजीला विचारतो, तू मागे काय सोडून आलास की तुला तिकडे बघवत नाही? मधे बायांचं रोवणीचं गाणं. ते सांगताना निबारणबाबूंनी बोटानं हवेत ताल धरला. वीस बाया एका ओळीत रोवत रोवत पुढे येतात.

"थांबा. पुढे?"

"हां. पुढे, लोकांकडे तोंड करून."

"चंद्रावर तर सगळे उलटे चालतात."

निबारणबाबू ओशाळले. "ती एकच गोष्ट मी बदलली. मास्तरांच्या वहीत त्या उलट्याच चालतात. पण हे गाणं फार अवघड आहे, चार आवाजांचं. खाली वाजवणाऱ्यांसमोर काडी घेऊन एक माणूस उभा असतो. त्याची काडी दिसली नाही तर वीस बाया एका तालात गाऊच शकत नाहीत. दोघं-तिघं नट उलटे चालतील, अख्खी ओळ पाठ फिरवून कशी गाईल? म्हणून त्यांना मी सरळ केलं. मास्तर नाराज झाले होते. पण मी शहरातला माणूस. मला वाटलं, धान कसंही लावलं तरी उगवतं."

"आणि टाचेची ओळ? काळ्या नखाची?"

"त्या मास्तरांच्याच. इतक्या सुंदर ओळी कोण काढेल? मी शब्दाला शब्द ठेवून फ्रेंचमध्ये नेल्या."

केशोरावांनी पेन्सिल खाली ठेवली. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"मास्तरांच्या वहीत आणखी काय होतं, जे तुमच्या नाटकात नाही?"

"प्रत्येक भागाच्या वर काहीतरी लिहिलेलं असायचं. तारीख, आणि पुढे एक-दोन शब्द. पण ते मास्तरांनी शाईनं खोडून टाकलेले होते. गडद. मी विचारलं, तर म्हणाले, घरचं काहीतरी आहे."

केशोरावांनी रेवारामांची वही पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाले, "रेवारामांना बोलवा. आणि ज्यांना बघायचं असेल त्यांना दारात उभं राहू द्या."

४

साडेअकराला वर्गाच्या दोन्ही दारांत माणसं होती. एका दाराच्या चौकटीला टेकून धुरपताबाई. मास्तर घरी निजले होते आणि त्यांच्याजवळ सुकराम बसला होता.

"रेवारामजी, तुमच्या वहीत चंद्रावरचे लोक कसे चालतात?"

"उलटे."

"सगळे?"

"सगळे. तेच तं गम्मत होय."

"बाजारात, देवळात, लग्नात, सगळे उलटे. आणि रोवणा करणाऱ्या बाया?"

रेवारामांनी वहीकडे पाहिलं. वही केशोरावांच्या हाताखाली होती.

"त्या पुढे चालतात," केशोरावांनीच सांगितलं. "आपल्याकडे रोवणाऱ्या बाया कशा चालतात?"

दारातून कोणीतरी हसलं. धानाच्या मुलखात हा प्रश्न पोरालाही विचारत नाहीत. रोवणाऱ्या बाया ओळीनं मागे मागे सरकतात. पुढे चालल्या तर आत्ताच रोवलेलं त्यांच्याच पायाखाली जाईल.

"माणसं उलटी चालतात असं शेतीत एकच काम आहे," केशोराव म्हणाले. "तुमच्या चंद्रावर सगळे उलटे चालतात, आणि नेमक्या त्याच कामात सुलटे. काऊन?"

"कवीच्या मनात आलं."

"बरं. उठा. त्या भिंतीपासून या उंबऱ्यापर्यंत चालत या. पुढे. उंबरा म्हणजे धुरा समजा."

रेवाराम उठले, हसत चालत आले. उंबऱ्याला पाय लागला.

"काय लागलं?"

रेवारामांनी खाली पायाकडे पाहिलं.

"आंगठा लागला!" दारातून एकजण ओरडला.

"तुमच्या गाण्यात टाच लागते," केशोराव म्हणाले. "पुढे चालणाऱ्या बाईची टाच धुऱ्याला लागत नाही. उलटं सरकणाऱ्या बाईची लागते. म्हणजे ज्यानं ही ओळ रचली त्यानं बाया उलट्या चालवल्या होत्या. त्या सुलट्या केल्या निबारणबाबूंनी, कारण त्यांच्या खेळात एका काडीकडे बघावं लागतं. तुमच्या वहीत ना काडी आहे ना काडीवाला. मग १९२६ साली तुमच्या बाया कुणाकडे बघायला वळल्या?"

रेवारामांनी वहीकडे हात केला. केशोरावांनी ती जवळ ओढली.

"तुम्ही पेटीवाले. जसं कानावर पडतं तसं उचलायचं, स्वर हलू द्यायचा नाही, ही तुमची शिस्त. आठ तालमींत ऐकलेलं जसंच्या तसं उतरवलंत. धानाच्या घरात जन्मून एकदाही थांबून विचार केला नाहीत."

रेवाराम खाली बसले. त्यांचा सगळा ऐटबाजपणा ओसरला होता.

"पंचवीस वर्ष खेळ लिहून राहिलो," ते म्हणाले. "या नाल्यापलीकडे कोनी नाव नाही घेत. ना मास्तर एक गोष्ट लिहिते, तं ते जहाजातून जाते. मले वाटलं, माहं नाव एकदा तरी..."

"मोठे बाबू," धुरपताबाई एकाएकी निबारणबाबूंना म्हणाली, "बाया फिरवाले काय झालं होतं? त्या काडीवाल्यालेच उचलून मागच्या भिंतीपाशी उभं कराचं. बाया लोकांकडं पाठ करून येतीन, काडी त्याहीले समोर दिसन."

निबारणबाबू तिच्याकडे बघतच राहिले. लोक हसले. केशोराव हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मग रेवारामांकडे वळले.

"आता मास्तरांची वही द्या."

"माह्याकडे नाही."

"शपथेवर?"

"केशोरावजी, माह्याकडे वही असती तं मी तिच्यावरूनच नसती का उतरवली? मंग बाया बरोबर नसत्या का चालल्या?"

हे केशोरावांच्या लक्षात आधीच आलं होतं. बनावट वही करणारा आणि मूळ वही नाहीशी करणारा, हा एकच माणूस असूच शकत नव्हता. निबारणबाबूंना ती वही हवीच होती. रेवारामांना ती कधी दिसली नव्हती. मास्तरांना तर ती जिवापेक्षा मोलाची असायला हवी होती, कारण ती एकटी त्यांना निर्दोष ठरवू शकत होती. आणि पेटीचं कुलूप शाबूत होतं.

५

मास्तरांचं घर दोन खोल्यांचं. ओसरीत सुकराम बसला होता.

"गाठोड्यात काय होतं रे?" केशोरावांनी विचारलं.

"धोंडा असन जी."

"हाताला कसा लागला?"

सुकरामनं आठवून पाहिलं. "धोंडा होताच एक. पन त्याच्याखाली अजून काई होतं. सपाट, चौकोनी. पाटी असते ना पोराची, तसं."

केशोराव आत गेले. मास्तर घोंगडीवर छताकडे बघत पडले होते. केशोराव त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.

"रेवारामांनी कबूल केलं. तक्रार खोटी ठरली. तुमची नोकरी आहे तशी आहे."

मास्तरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आता स्टेशनवर चला, साहेबांच्या कागदावर सही करा, की संपलं."

"मी येत नाही."

"का?"

"बरं नाही वाटून राहिलं."

"मास्तर, तुमच्याकडे रोवणा कोण करतं?"

"बाया करतात."

"पुरुष?"

"पुरुष रोपांचे पऱ्हे खणतात. जुड्या वाहतात. धुऱ्यावर उभे राहतात."

"तुम्ही कधी ओळीत वाकलात?"

मास्तरांनी डोळे मिटले.

"ज्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख रोपं खुपसून महिनाभर काळं राहिलं नाही, त्याला ती ओळ सुचत नाही," केशोराव म्हणाले. "धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला वाकलेल्या पाठी दिसतात. टाचेला काय कळतं ते त्याला दिसत नाही. एका गोष्टीवर दोन पुरुषांनी हक्क सांगितला, आणि गोष्ट दोघांचीही नाही. तुम्ही वही कमरेला बांधून बोडीत नेली. ती पुढे आली असती तर रेवाराम खोटे ठरले असते. पण प्रत्येक भागावरचं खोडलेलं नाव कुणीतरी उजेडाला धरून वाचलं असतं. खोडलेलं नाव वाचणं कठीण नाही. मी तीस वर्षं वाचत आलो."

मास्तर उठून बसले. बाहेर कोंबडी कलकलत होती.

"बाप मेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो," मास्तर म्हणाले. "तिनं दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करून मला शिकवलं. मास्तरकीचं नॉर्मल स्कूल होईपर्यंत. रात्री पाठ चोळून द्यायचो तेव्हा ती बोलायची. वाकल्या वाकल्या काय सुचलं ते. चंद्रावरचे लोक, उलटे चालणारे. मोठेपणी मी ते लिहून काढलं, वर तिचं नाव टाकलं. निबारणबाबूंनी विचारलं, कुणाची गोष्ट? त्यांच्यासोबत रेल्वेचे दोन बाबू बसले होते. मला सांगता नाही आलं, की माझी बहीण मजुरीला जाते, तिची. तोंडातून निघालं, माझी. घरी येऊन नाव खोडलं, मग वही त्यांना दिली."

"आणि परत सांगता आलं नाही."

"रोज ठरवायचो. मग साहेबाची चिठ्ठी आली, गावात पेढे वाटले. तिनंही खाल्ला. मग रेवारामची तक्रार. लोक म्हणाले, चोर. मी चोरच होतो, फक्त दुसऱ्याचा. वही दाखवावी तरी चोर, न दाखवावी तरी चोर." त्यांनी केशोरावांचा हात धरला. "सही करायला सांगू नका. तो न्यायाधीश विचारतो ना, मागे काय सोडून आलास? मला रोज तेच ऐकू येते. तुम्ही गेलात की मी पुन्हा जाईन बोडीवर. खरं सांगून ठेवतो."

दारात भांडं आदळलं. पेज सांडली होती. उंबऱ्यात धुरपताबाई उभी होती. ती कधीपासून तिथे होती, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

तिनं भावाकडे पाहिलं नाही. "मोटार किती वाजता जाते जी?" तिनं केशोरावांना विचारलं.

"दोनला."

"त्याले उभं करा," ती म्हणाली. "मी लुगडं बदलून येतो."

६

मोटारीत धुरपताबाई पुढच्या बाकावर बसली. मास्तर निबारणबाबू आणि सुकराम यांच्या मधे बसले होते. सुकरामनं त्यांचं मनगट सोडलं नव्हतं. वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं, तिथे वेळ गेला. पावणेचारला ते फलाटावर पोचले, तेव्हा मेलची पहिली घंटा झाली होती.

देलोर्म साहेब पांढऱ्या सुटात वेटिंग रूमसमोर येरझारा घालत होते. केशोरावांनी निष्कर्ष मोजक्या वाक्यांत सांगितला, निबारणबाबूंनी तो फ्रेंचमध्ये सांगून बाड साहेबांच्या हाती दिलं. साहेबांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग धुरपताबाईकडे, मग तिच्या पायांकडे. भेगाळलेल्या टाचा, अनवाणी. त्यांनी हॅट काढली.

मग ते काहीतरी बोलले. निबारणबाबूंचा चेहरा पडला.

"साहेब म्हणतात, लेखिका या असतील तर अंगठा यांचा. पण या माणसानं यांची गोष्ट स्वतःच्या नावावर चालवली. उद्या यांनी तक्रार केली तर खेळ पुन्हा बंद पडेल. यांची तक्रार असेल तर ते हस्तलिखित नेणार नाहीत. नसेल तर तसं यांनी सगळ्यांसमोर सांगावं."

केशोरावांना कागदाची दुसरी बाजूही दिसत होती. तिची तक्रार असेल, तर त्यांना ती अहवालात लिहावी लागणार होती. मास्तरांची नोकरी जाणार. आणि नोकरीबरोबर काय जाईल, ते सकाळीच दिसलं होतं. ते टाळायला खोटा अहवाल लिहिणं त्यांच्यानं झालं नसतं.

"धुरपताबाई," ते म्हणाले, "तुमची भावाविरुद्ध काही तक्रार आहे?"

दुसरी घंटा झाली. हमाल धावायला लागले.

"आहे," धुरपताबाई म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. निबारणबाबूंनी ते फ्रेंचमध्ये सांगितलंच नाही. पण साहेबांना सांगायची गरज पडली नाही. ते बाड परत द्यायला पुढे झाले.

"थांबा ना जी, पुरं तं आयका! लिहा तुमी," ती केशोरावांना म्हणाली. "नावाचं नाही मी म्हनत. माहं नाव घेऊन कोन काय करन? यानं माही गोष्ट लिहिली, ना मले एक डाव वाचून नाही दाखवली. मले वाचता येत नाही, याले माहीत होतं. दोन वर्ष पेटीत कुलूप लावून ठेवली. बाबूले दाखवली, साहेबाले दाखवली. जिची होती तिले नाही. ना आज ते बोडीत टाकली. मी काय बोलली होती, हे मले आता कसं समजन? हे माही तक्रार होय. याच्यावर आहे, साहेबावर नाही. साहेब, तुमी जा घेऊन. कोठी लावू अंगठा?"

निबारणबाबूंनी हे सगळं साहेबांना फ्रेंचमध्ये सांगितलं. मेल फलाटाला लागली होती. साहेबांनी खिशातून कागद काढला. शाईचं पॅड स्टेशन मास्तरांच्या टेबलावरून आलं. अंगठा उमटला, खाली साक्षीदार म्हणून केशोरावांची सही झाली. साहेबांनी बाड छातीशी धरलं आणि चालत्या डब्यात ते चढले.

सायगावला तो खेळ झाला की नाही, ते गोंदियात कधी कळलं नाही.

गाडी गेल्यावर फलाट मोकळा झाला. केशोरावांनी बाकावर बसून अहवाल लिहिला. रेवारामांची तक्रार खोटी. कथा श्रीमती धुरपताबाई यांची. त्यांची बंधूंविरुद्ध एक तक्रार आहे, तिचा नोकरीशी संबंध नाही. तिचा निवाडा घरी व्हावा.

शेवटची ओळ लिहिताना त्यांनी मान वर केली. धुरपताबाई निबारणबाबूंकडून मालगोदामाची एक कोरी वही आणि पेन्सिल घेऊन आली होती. भावाशेजारी बसून तिनं वही त्यांच्या मांडीवर टाकली.

"लिही."

"बाई, मी..."

"लिही म्हनलं ना! एक होता घड्याळवाला. त्याच्या दुकानातल्या एकाही घड्याळाचा टाइम दुसऱ्याशी जुळे ना."

मास्तरांनी वही उघडली. त्यांनी लिहिलं. तिनं आणखी चार वाक्यं सांगितली आणि थांबली.

"आता वाच."

मास्तरांनी वाचलं. ती डोळे मिटून ऐकत होती, ओठ हलवत, आपलंच बोलणं पहिल्यांदा परक्या माणसासारखं.

"पुढे सांग," मास्तर म्हणाले.

"आज एवढंच. बाकी उद्या."

"उद्या किती?"

"एक पान. परवा एक. रोज एकच सांगीन, जास्त नाही."

केशोरावांना तिचा सकाळचा 'राखन' हा शब्द आठवला. "आणखी किती पानं आहेत?" त्यांनी विचारलं.

धुरपताबाईनं वही मिटली आणि भावाच्या कोटाच्या खिशात खोल कोंबली.

"मले कोठी मोजता येते जी," ती म्हणाली. "बहुत आहेत."